वाळवंटातली गढी : शारजाच्या विमानतळावरचा एका रात्रीचा मुक्काम

शारजा हे नाव मराठी घरांत पोचले ते क्रिकेटच्या वाटेने. १९८४ साली पहिली आशिया चषक स्पर्धा तिथे भरली. १८ एप्रिल १९८६ रोजी चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला आणि घरोघरी ती रात्र सुतकासारखी गेली. पुढे १९९८ च्या एप्रिलमध्ये वाळूचे वादळ घोंघावत येऊन सामना थांबला, पुन्हा सुरू झाला आणि सचिन तेंडुलकरने १४३ धावा केल्या. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात १३४. त्या दोन रात्री कोणाच्याही विस्मरणात जाणाऱ्या नाहीत. दूरदर्शनच्या पडद्यावरचे ते दिव्यांनी उजळलेले मैदान आणि त्याच्या पलीकडचा काळोख, एवढीच शारजाची आपली ओळख.

परंतु क्रिकेटच्या पन्नास वर्षे आधी शारजाचे नाव जगाच्या दुसऱ्याच एका कागदावर छापले जात होते. तो कागद म्हणजे विमानांचे वेळापत्रक. लंडनहून कराचीला विमानाने येणारा प्रवासी वाटेत जिथे जिथे रात्री झोपत असे त्या गावांच्या यादीत शारजा होते. त्यासाठी तिथे एक विश्रामगृह बांधले गेले. आज ज्याला आपण विमानतळावरचे हॉटेल म्हणतो, तसे अरबस्तानच्या त्या किनाऱ्यावरचे ते पहिलेच. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला ते हॉटेल वाटले नसते. उंच भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, लोखंडी दरवाजा, दारात बंदूकधारी पहारा. आपल्याकडच्या एखाद्या इनामदाराची गढीच उचलून वाळूत नेऊन ठेवावी तसे त्याचे रूप होते.

पाहुण्यासाठी बांधलेल्या घराला गढीचे रूप का द्यावे लागले, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधू गेले तर ते शारजाच्या वाळवंटात थोडे आणि मुंबई बंदरात व आपल्या कोकणात बरेचसे सापडते.

वाट का बदलली

इंपिरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन ते कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. प्रवासाला सात दिवस लागत आणि एकेरी भाडे होते १३० पौंड. प्रवासही एकाच विमानाने होत नसे. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझल, तिथून आगगाडीने इटलीतील जिनोआ, मग समुद्रात उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि तिथून पुन्हा दुसऱ्या विमानाने बगदाद, बसरा व कराची. रात्री उडणे धोक्याचे होते आणि टाकीतले पेट्रोल फार लांब पुरत नसे. त्यामुळे दर काही तासांनी उतरायचे आणि अंधार पडला की मुक्काम करायचा, असा हा प्रवास होता. आपल्या जुन्या बैलगाडीच्या प्रवासात आणि त्यात वेग सोडला तर फारसा फरक नव्हता. टप्पा, पाणी, मुक्काम हेच त्याचे व्याकरण.

बसऱ्याच्या पुढे विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. बुशहर, लिंगे, जास्क अशी उतरण्याची ठिकाणे होती. परंतु इराणात तेव्हा रझा शहाची राजवट होती. आपल्या किनाऱ्यावरून ब्रिटिशांची विमाने कायमची जात राहावीत हे त्याला मान्य नव्हते. त्याने दिलेली परवानगी मुदतीची होती आणि ती मुदत १९३२ मध्ये संपत होती. समुद्राचा दुसरा काठ, म्हणजे अरबांचा किनारा, एवढाच पर्याय उरला. बहरीनमध्ये सोय होण्यासारखी होती. परंतु बहरीन ते ग्वादर हा टप्पा एका दमात गाठणे त्या विमानांच्या आवाक्यात नव्हते. मध्ये कुठे तरी उतरायला सपाट जमीन, पेट्रोलचा साठा आणि रात्रीची झोपायची जागा हवी होती.

ती जागा मिळवणे सोपे गेले नाही. किनाऱ्यावर इतरत्रही विचारणा झाली, पण कुठे शेख राजी नव्हता तर कुठे त्याचे भाऊबंद. अखेर शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी बोलणी सुरू झाली. त्यांच्याही घरातून विरोध होताच. ही बोलणी पुरी करण्यासाठी ब्रिटिशांचे आखातातले सर्वोच्च अधिकारी, पोलिटिकल रेसिडेंट ह्यू बिस्को निघाले, ते वाटेत जहाजावरच वारले. मग कुवेतचे पोलिटिकल एजंट हॅरॉल्ड डिक्सन यांनी ते काम तडीस नेले आणि २२ जुलै १९३२ रोजी करार झाला.

शेखांचा संशय

या करारातली एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. जमिनीचे भाडे ठरले ते पौंडांत नाही, रुपयांत. विमानतळासाठी दरमहा ८०० रुपये आणि शेखांना व्यक्तिशः दरमहा ५०० रुपये. त्या किनाऱ्यावर चलन होते ते हिंदुस्थानी रुपयाचे. बुशहरला बसणारा पोलिटिकल रेसिडेंट हिंदुस्थान सरकारचा नोकर होता. टपालाची तिकिटे हिंदुस्थानची होती. दुबईत १९०९ साली उघडलेले टपाल कार्यालयही हिंदी टपाल खात्याचेच होते. आखातातला मोती विकला जाई तो मुंबईच्या मोती बाजारात, आणि तांदूळ, कापड, सागवान तिकडे जाई तेही आपल्याच किनाऱ्यावरून.

तो मोत्याचा व्यापारच तेव्हा बुडाला होता. १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि त्याच सुमारास जपानी मिकिमोतोचे शिंपल्यात पिकवलेले मोती बाजारात स्वस्तात मिळू लागले. शारजा, दुबई, बहरीन या सगळ्या गावांची चूल मोत्यावर पेटत होती. पाणबुडे कर्जात, होडीमालक सावकाराच्या दारात आणि शेखांची तिजोरी रिकामी अशी अवस्था झाली. अशा वेळी महिन्याला हमखास येणारे रुपये नाकारणे कोणाही राज्यकर्त्याला जड गेले असते. तरीही सुलतान बिन सक्र यांनी घासाघीस केली. विश्रामगृह आपण बांधून देऊ, ते आपल्या मालकीचे राहील, कंपनीने ते भाड्याने वापरावे. पहारेकरी आपले असतील. या अटींमागे पैशाचा हिशेब होता, त्याहून अधिक धास्ती होती. आज उतरायला जागा मागणारा उद्या घर मागेल आणि परवा गाव मागेल, ही ती धास्ती.

ती निराधार नव्हती. तिची मुळे एकशे तेरा वर्षांपूर्वीच्या एका मोहिमेत होती आणि ती मोहीम निघाली होती मुंबईहून.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरच्या वर्षी मुंबई सरकारच्या फौजेने काय काय केले ते मात्र आपण एकत्र वाचत नाही. १८१९ च्या फेब्रुवारीत सर विल्यम ग्रँट कीर हा सेनानी सावंतवाडी संस्थानावर चालून आला आणि त्याने रेडीचा यशवंतगड घेतला. रेडी म्हणजे गोव्याच्या सीमेला खेटून असलेले आपलेच गाव. पुढच्याच महिन्यात त्याने कच्छमध्ये भूजचा किल्ला घेतला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोच कीर मुंबईहून आरमार घेऊन आखातात गेला. कासिमी अरबांचे रास अल खैमा हे बंदर त्याने डिसेंबर १८१९ मध्ये जिंकले, किनाऱ्यावरची गढ्यांची बांधकामे पाडली, गलबते जाळली. लगेच १८२० च्या जानेवारीत शेखांकडून तहावर सह्या घेतल्या गेल्या. सही करणाऱ्यांत शारजाचे शेख होते. त्यांचेही नाव सुलतान बिन सक्र अल कासिमी असेच होते.

एकाच वर्षात एकाच माणसाच्या हातून रेडी, भूज आणि रास अल खैमा पडावे, यात योगायोग काही नाही. मुंबईच्या सरकारला पश्चिम समुद्र मोकळा हवा होता. त्या समुद्रावर ज्यांची ज्यांची गलबते फिरत त्या सर्वांना त्याने एकच नाव दिले, चाचे. आपल्याकडे आंग्र्यांना हेच नाव मिळाले होते. कासिमींनाही तेच मिळाले. शारजाचे विद्यमान शासक सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी हे इतिहासाचे अभ्यासक आहेत. अरबांच्या चाचेगिरीची ही कथा खोटी आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी लागणारा कागद त्यांनी शोधला तो मुंबईच्या अभिलेखागारात. आपल्या पूर्वजांवरच्या आरोपाचे खंडन करायला शारजाच्या राजाला मुंबईची दप्तरे चाळावी लागली. इतिहासाचा माग कुठून कुठे जातो ते यावरून समजावे.

असो. सांगायचे ते एवढेच की १९३२ च्या शेखांना घराण्याचा इतिहास पाठ होता. विमान ही त्यांच्या दृष्टीने आकाशातून येणारी गलबतेच होती.

गढीतला मुक्काम

५ ऑक्टोबर १९३२ रोजी इंपिरियलचे ‘हॅनिबल’ हे विमान शारजाच्या वाळूवर उतरले. हँडले पेज कंपनीचे एच. पी. ४२ या जातीचे ते विमान होते. एकावर एक असे दोन प्रचंड पंख, चार एंजिने आणि ताशी सुमारे १६० किलोमीटरचा वेग. आज आपल्या महामार्गावरची मोटारही हौसेने तेवढी पळवली जाते. या जातीची एकूण आठच विमाने बांधली गेली आणि ती सर्व ‘ह’ अक्षराच्या नावांची होती. हॅनिबल, हॅड्रियन, हॅनो आणि हॉर्सा ही त्यांतली चार पूर्वेकडच्या मार्गासाठी होती.

विमान आले तेव्हा विश्रामगृह तयार झालेले नव्हते. सुरुवातीचे प्रवासी काटेरी तारेच्या कुंपणात तंबू ठोकून झोपले. पुढे गढी उभी राहिली. मधे मोकळे अंगण आणि त्याच्या चारी बाजूंनी खोल्या, अशी तिची रचना होती. तिच्यासारखेच एक घर इराकच्या वाळवंटात रुतबा येथे आधीच होते. तिथे विमानाचे आणि बगदाद-दमास्कस मोटारीचे उतारू थांबत. वाळवंटातल्या टोळ्यांची धाड पडली तर उतारू सुरक्षित राहावेत, हे अशा बांधणीचे उघड कारण.

शारजात दुसरेही कारण होते, आणि ते अधिक खोल आहे. भिंत पाहुण्यांना गावापासून वाचवणार होती, तशीच ती गावालाही पाहुण्यांपासून वाचवणार होती. उतारूंनी गावात हिंडावे हे शेखांना नको होते, आणि आपल्या उतारूला काही झाले तर नवा पेच उभा राहील म्हणून ब्रिटिशांनाही नको होते. दोघांचे या एका मुद्द्यावर एकमत झाले. दारावरचे हत्यारबंद पहारेकरी शेखांचे होते आणि आत जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर कंपनीची होती. अरबांच्या रिवाजात दारी आलेल्या अनोळखी पाहुण्यालाही तीन दिवस काही न विचारता ठेवून घेतात. त्याच किनाऱ्यावर पाहुण्याने भाडे भरायचे, यजमानाने बंदूक धरायची आणि दोघांनी एकमेकांचे तोंड शक्यतो पाहायचे नाही, अशी नवी रीत या घराने सुरू केली.

आपल्या धर्मशाळेशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक ध्यानात येतो. धर्मशाळा गावाच्या देवळाजवळ असते. तिच्या विहिरीवर गावच्या बायका पाणी भरतात. मुक्कामाला आलेला वाटसरू दुसऱ्या दिवशी निघतो तेव्हा गावात पाऊस किती झाला, यात्रा कधी भरते, पाटील कसा आहे, एवढे तरी त्याला कळलेले असते. शारजाच्या गढीतला उतारू संध्याकाळी उतरे, अंघोळ करी, जेवी, झोपे, आणि भल्या पहाटे दिवा दाखवून उठवला की ग्वादरच्या वाटेला लागे. तो शारजात राहिला असे म्हणायचे, पण शारजा त्याने पाहिलेच नाही.

इंग्लंडमधील एका चित्रपटसंस्थेने १९३७ साली या विमानतळावर ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा एक लहानसा माहितीपट काढला. विमान येते, रात्र जाते, विमान निघून जाते, असा एका दिवसाचा क्रम त्यात आहे. गावचा बाजारही त्यात दिसतो. म्हणजे विमानातल्या उतारूला जे पाहता येत नव्हते ते कॅमेऱ्याने पाहिले.

शारजाहून बेळ्ळारीपर्यंत

ही हकीकत परक्या मुलखातली वाटेल, पण तिचे दुसरे टोक आपल्या अंगणात होते. हॅनिबल शारजाला उतरले त्यानंतर दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक लहानसे पुस मॉथ विमान उडवले. अहमदाबादला पेट्रोल घेऊन ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. विमानात होती ती टपालाची पोती. इंपिरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेले टपाल दक्षिणेत पोचवण्याचे काम टाटांनी पत्करले होते. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्याने विमान नेले ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला. हिंदी विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून हा दिवस आपण साजरा करतो. पण टाटांची ही वाट इंपिरियलच्या वाटेला जोडलेली होती, आणि त्या वाटेवर शारजाची गढी होती.

लंडनहून निघालेले एखादे पत्र शारजाच्या वाळूत रात्र काढी, कराचीत विमान बदली, जुहूला उतरे आणि बेळ्ळारीला पोचे. तिथून आगगाडीने ते हुबळी-बेळगावकडे यायला कितीसा वेळ? शिकायला विलायतेला गेलेल्या मुलाच्या खुशालीची वाट पाहणाऱ्या घरांना बोटीच्या टपालापेक्षा कितीतरी आधी ती कळू लागली. पाकिटावरचा ‘एअर मेल’चा निळा कागद पाहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना शारजाचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पत्रे सुखरूप येत, माणसे नेहमीच येत असे नाही. १९३६ च्या ऑगस्टमध्ये ‘हॉर्सा’ रात्रीच्या अंधारात बहरीन चुकले आणि दूर दक्षिणेला वाळवंटात उतरले. माणसे शोधून काढता आली. ‘हॅनिबल’च्या नशिबी तेही नव्हते. शारजाचा मुहूर्त करणारे हे विमान १ मार्च १९४० रोजी हिंदुस्थानाकडून इंग्लंडकडे परतत असता जास्क आणि शारजा यांच्या दरम्यान ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. आत आठ माणसे होती. त्यांत मद्रासच्या जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून नेमणूक होऊन ते लंडनला निघाले होते. विमानाचा तुकडाही हाती लागला नाही. त्या रात्री शारजाच्या गढीत अंथरुणे घातलेली असतील, जेवण तयार असेल. येणारे आलेच नाहीत.

गढीचा अस्त

१९३७ नंतर इंपिरियलची मोठी समुद्रविमाने दुबईच्या खाडीत उतरू लागली. मग महायुद्ध आले, इंपिरियलच्या जागी बी. ओ. ए. सी. ही सरकारी कंपनी आली आणि शारजाचा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला. त्याच १९४२ च्या सुमारास आपल्या बेळगावजवळ सांबऱ्यालाही ब्रिटिश हवाई दलाने धावपट्टी केली. युद्धाने अशी किती माळराने विमानांच्या नकाशावर आणली त्याची गणती नाही. शेखांच्या धास्तीतला अर्धा भाग खरा ठरला. एका रात्रीच्या मुक्कामासाठी दिलेल्या जमिनीवर सैन्य आले आणि ते तीस वर्षे राहिले. १९७१ च्या डिसेंबरात ब्रिटिश फौज गेली आणि २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातीचा जन्म झाला. १९७७ मध्ये शारजाला गावाबाहेर नवा विमानतळ झाला आणि जुना बंद पडला.

दरम्यान आपला रुपयाही तिथून निघून गेला. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपया आखातातून फिरून परत येई आणि हिंदुस्थानची परकीय गंगाजळी आटे. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा तिकडच्या माणसांची साठवलेली पुंजी एका रात्रीत घटली. दिल्लीतल्या निर्णयाने दुबईच्या दुकानदाराचा गल्ला हलका व्हावा हे त्यांना परवडणारे नव्हते. त्याच वर्षी कतार आणि दुबई यांनी आपला रियाल काढला, ओमानने १९७० मध्ये रुपया सोडला, आणि १९७३ मध्ये अमिरातीचा दिरहम आला.

यानंतर प्रवाहाची दिशा उलटली. ज्या किनाऱ्यावर आपल्या रुपयात भाडे मोजले जात होते, त्या किनाऱ्यावर रुपये कमवायला आपली माणसे जाऊ लागली. गोवेकर त्या आधीपासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर स्टुअर्ड म्हणून मुंबई ते बसरा फेऱ्या करीत होतेच. त्या कंपनीची ‘द्वारका’ ही शेवटची बोट १९८२ मध्ये आखाताच्या फेरीवरून निवृत्त झाली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव, कारवार या पट्ट्यात आता असे गाव विरळा, की जिथल्या एखाद्या तरी घरावर आखाती पैशाचा स्लॅब पडलेला नाही.

भिंतीपलीकडे काय जाते

भिंत बांधून माणसांना वेगळे ठेवता येते. शब्दांना ठेवता येत नाही. आखातातल्या अरबी बोलीत पंख्याला ‘बंका’ म्हणतात. अरबीला ‘प’ नाही म्हणून त्याचा ‘ब’ झाला, एरवी तो आपला पंखाच. बॅटरीला ‘बिजली’, जोड्याला ‘जूती’, बटाट्याला ‘आलू’, आणि सरळ जा म्हणायचे तर ‘सीदा’. ओमानमध्ये रियालच्या हजाराव्या भागाला आजही ‘बैसा’ म्हणतात. तो आपला पैसाच. हे शब्द कोणत्या करारात लिहिलेले नव्हते. ते खलाशांच्या, हमालांच्या, दुकानदारांच्या तोंडून गेले आणि तिथल्या आयांनी ते मुलांना शिकवले. आता ते परके आहेत हे तिथल्या मुलाला सांगूनही पटणार नाही.

दोन भाषांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवे काही नाही. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अडकित्ता’ हे शब्द कानडीतून मराठीत आले म्हणून कोणी ते परत पाठवत नाही. पाट्यांवरून, शाळांवरून, कचेरीच्या कागदांवरून भिंती उभ्या राहतात. त्यांची दुःखे खरी आहेत आणि ती आपण सोसलीही आहेत. पण बाजाराच्या दिवशी माळवं विकणारी बाई दोन्ही भाषांत भाव सांगते आणि दोन्ही भाषांत घासाघीस ऐकते. राज्यकर्त्यांचे करार आणि बाजारातली बोली यांचा इतिहास निरनिराळा असतो. पहिला दप्तरात राहतो, दुसरा जिभेवर.

मुक्कामाच्या घराचाही असाच दुहेरी इतिहास आहे. आज दुबईच्या किंवा दोह्याच्या विमानतळावर विमान बदलणारा आपला माणूस विमानतळाच्या आतल्याच हॉटेलात काही तास झोपतो. त्याला व्हिसा लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो त्या देशात शिरलेलाच नसतो. थंड हवा, गुबगुबीत गादी, खिडकीबाहेर धावपट्टीचे दिवे. बुरूज नाहीत आणि बंदुकाही नाहीत. परंतु १९३२ च्या करारामागे जी कल्पना होती तीच याही घराच्या पायात आहे. उतारूने उतरावे, पैसे द्यावेत, झोपावे आणि गाव न पाहता जावे. भिंतीचे काम आता शिक्का करतो.

फरक आहे तो त्या हॉटेलात काम करणाऱ्यांत. चादर बदलणारा, जेवण आणणारा, सामान उचलणारा हा बहुधा आपल्याच उपखंडातला असतो. मडगावचा असेल, मंगळूरचा असेल, केरळचा असेल, क्वचित आपल्या खानापूर-चंदगडचाही निघेल. उतारूला गाव दिसत नाही, पण गाव उभे करणारा माणूस त्याच्या समोर पाण्याचा पेला ठेवून जातो. त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणत्याही कराराची आडकाठी नाही.

शारजाची जुनी गढी पाडली गेली नाही. २००० साली तिथे ‘अल महट्टा’ नावाचे संग्रहालय उघडले. महट्टा म्हणजे स्थानक, थांबा. आत त्या काळच्या खोल्या मांडून ठेवल्या आहेत आणि जुनी पंख्यांची विमाने आहेत. ज्या दारातून गावाला आत येऊ दिले जात नव्हते त्या दारातून आता शारजातली शाळकरी मुले रांगेने आत जातात. वाळूतली धावपट्टी मात्र उरली नाही. गाव वाढत वाढत तिच्यापर्यंत आले, आणि तिच्यावरून आता शहराचा एक हमरस्ता जातो. नकाशात पाहिले तर तो बाकीच्या रस्त्यांच्या गर्दीत चटकन ओळखू येतो, कारण तो अगदी सीदा आहे.